स्टुडिओतली साक्ष आणि कोर्टातली साक्ष

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आपले दुःख दिसले, की आपल्या समाजातील शिकलासवरलेला वर्ग हुरळून जातो. आता साऱ्या देशाला कळले, आता काहीतरी होईल, असे त्याला वाटू लागते. परंतु कळणे आणि होणे यांच्यामध्ये पोलीस ठाणे असते, तलाठी असतो, सरपंच असतो, उसाच्या फडाचा मालक असतो आणि वर्षानुवर्षे लांबणारी कोर्टाची तारीख असते. हे मधले अंतर आम्ही शिरूर आणि दौंड तालुक्यांत काम करताना रोज मोजतो. म्हणूनच सुपरस्टारच्या स्टुडिओत झालेल्या एका गाजलेल्या चर्चेचा हिशेब आज मांडावा असे आम्हाला वाटते. हिशेब मांडण्यात द्वेष नाही. पण आनंद ओसरल्यावर हिशेब मांडलाच पाहिजे.

६ मे २०१२ रोजी आमिर खान यांचा 'सत्यमेव जयते' हा कार्यक्रम सुरू झाला आणि २९ जुलैला त्याचे पहिले पर्व संपले. दर रविवारी सकाळी अकरा वाजता, असे एकूण तेरा भाग झाले. दिग्दर्शन सत्यजित भटकळ यांचे होते. खासगी वाहिनीबरोबर दूरदर्शनवरही तो दिसत होता, त्यामुळे ज्या घरी केबल नव्हती तेथेही तो पोहोचला. मराठीतही तो ऐकायला मिळत होता. स्त्रीभ्रूणहत्या, बालकांचे लैंगिक शोषण, हुंडा, डॉक्टरी धंद्यातील लूट, प्रेमविवाह करणाऱ्यांच्या हत्या, अपंगत्व, घरगुती मारहाण, विषारी कीटकनाशके, दारू असे एकेक विषय येत गेले. आणि ८ जुलै २०१२ रोजी, दहाव्या भागात, विषय आला अस्पृश्यतेचा.

रविवार सकाळ म्हणजे काय, हे आमच्या पिढीला नीट ठाऊक आहे. १९८७-८८ साली याच रविवार सकाळी दूरदर्शनवर रामायण लागत असे आणि गावातले रस्ते ओस पडत. त्याच काळात महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मधील राम-कृष्णावरील प्रकरण वगळावे म्हणून प्रस्थापित रस्त्यावर उतरले होते आणि ते वगळू नये म्हणून आपला समाज लाखोंनी मुंबईत उतरला होता. सरकारी पडद्यावर एक राम होता आणि बाबासाहेबांनी विचारलेले प्रश्न मात्र त्या पडद्यावर नव्हते. त्याच रविवार सकाळी पंचवीस वर्षांनी अस्पृश्यता आजही आहे, असे देशातला सर्वांत लोकप्रिय नट सांगत होता. ही गोष्ट लहान नव्हती. 'आता कुठे राहिली आहे जात?' असे आम्हाला तोंडावर विचारणाऱ्या लोकांच्या दिवाणखान्यात ती पोहोचली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

त्या दिवशी त्या कोचावर कोण बसले होते, हेही आठवून पाहा. डॉ. कौशल पंवार होत्या. हरियाणातील वाल्मीकी समाजातली ही मुलगी आईबरोबर मैला उचलायला गेली, संस्कृत शिकते म्हणून शाळेत तिची हेटाळणी झाली आणि ती जे.एन.यू.तून संस्कृतमध्ये पीएच.डी. करून दिल्ली विद्यापीठात तोच विषय शिकवू लागली. ज्या भाषेचा शब्द शूद्राच्या कानी पडू नये म्हणून धर्मशास्त्रांनी शिक्षा लिहून ठेवल्या, त्या भाषेची ती प्राध्यापिका! बेझवाडा विल्सन होते. सफाई कर्मचारी आंदोलन उभे करून देशभरातील कोरडे संडास पाडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते विल्सन. पुढे २०१६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्टॅलिन के. होते. त्यांनी गावोगाव हिंडून 'इंडिया अनटच्ड' हा माहितीपट २००७ साली तयार केला होता आणि हिंदूच नव्हे तर इतर धर्मांतही जात कशी शिरली आहे हे पुराव्यानिशी दाखविले होते.

आता दुसरी बाजू. त्याच महिन्यात आंबेडकरी विचारवंतांनी या भागावर टीका केली. टीकेचा मुद्दा असा की, दलितांचे दुःख दाखविताना बाबासाहेबांचा जातिसंहाराचा विचार आणि आरक्षणाचा प्रश्न यांना त्या भागात मिळायला हवी तेवढी जागा मिळाली नाही. ही टीका आम्हाला आजही रास्त वाटते. दुःख दाखवायचे आणि दुःखाचे कारण सांगायचे टाळायचे, ही प्रसारमाध्यमांची जुनी खोड आहे. मुलीच्या हातातली टोपली दाखविली की प्रेक्षक रडतो. पण ती टोपली तिच्याच हातात का, शेजारच्या आळीतल्या मुलीच्या हातात का नाही, असे विचारले की तोच प्रेक्षक चॅनेल बदलतो. जाहिरातदाराला रडणारा प्रेक्षक चालतो, चॅनेल बदलणारा चालत नाही. दूरसंचार कंपनीच्या आणि मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रतिष्ठानच्या पाठबळावर चालणाऱ्या कार्यक्रमाची मर्यादा येथेच ठरून गेली होती.

बाबासाहेबांनी स्वतः १९५५ साली बी.बी.सी.ला मुलाखत दिली होती. आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकली आहे. गांधींविषयी विचारल्यावर त्यांनी ऐकणाऱ्याला बरे वाटेल असे एक वाक्यही बोलण्याची तसदी घेतली नाही. मुलाखत घेणारा परका होता, माध्यम परके होते, पण मांडणी बाबासाहेबांची होती. आपल्या माणसाने कॅमेऱ्यासमोर कसे बसावे, याचा तो वस्तुपाठ आहे. अर्थात प्रत्येकाला बाबासाहेबांचा अधिकार नसतो, आणि काय ठेवायचे व काय कापायचे हे संकलकाच्या टेबलावर ठरते. म्हणून तर त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला. पैसे देऊन जाहिरात छापून घ्यायची तयारी असतानाही 'केसरी'ने ती नाकारली होती. तेव्हापासून 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी आपल्या शब्दाची मालकी आपल्याकडे ठेवण्याची परंपरा आहे. हे दैनिकही त्याच परंपरेत निघते.

त्या पर्वाच्या फलिताकडे पाहिले की आणखी एक गोष्ट उघड होते. २२ जुलै २०१२ चा बारावा भाग पाण्यावर होता. त्या विषयाचा पाठपुरावा झाला. २०१६ साली पानी फाउंडेशन स्थापन झाले, वरूड, सातारा जिल्ह्यातील कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा झाली आणि पुढे ती कितीतरी तालुक्यांत पसरली. गावे श्रमदानाला निघाली, चर खोदले गेले, बांध बांधले गेले. चांगले झाले. पण अस्पृश्यतेच्या भागानंतर अशी स्पर्धा कोणत्या तालुक्यात झाली? एक गाव एक पाणवठा, एक गाव एक स्मशानभूमी, यासाठी कोणत्या गावाला चषक मिळाला? पाण्याचा भाग वेगळा आणि अस्पृश्यतेचा भाग वेगळा, ही विभागणी टीव्हीला परवडते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हे दोन प्रश्न नव्हते, एकच होता. गावाने मिळून तळे खोदले, पण त्या तळ्यावरून येणारा नळ वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबला, तर ते श्रमदान कोणाच्या कामी आले?

अस्पृश्यतेच्या भागानंतर काहीच घडले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जुलै २०१२ मध्येच आमिर खान यांनी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांची भेट घेऊन मैला वाहण्याच्या प्रथेचा प्रश्न मांडला. सप्टेंबर २०१३ मध्ये संसदेने हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या नियुक्तीस मनाई आणि त्यांचे पुनर्वसन करणारा कायदा मंजूर केला आणि ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे महापरिनिर्वाण दिनापासून, तो अंमलात आला. पण वाचकहो, हा कायदा एका रविवारच्या कार्यक्रमाने आणला, असा समज करून घेऊ नका. १९९३ चा आधीचा कायदा कागदावरच राहिला म्हणून सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ सालीच सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. राज्याराज्यांतून पुरावे गोळा केले होते, छायाचित्रे जोडली होती, प्रतिज्ञापत्रे केली होती. २७ मार्च २०१४ रोजी त्या याचिकेचा निकाल लागला आणि १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये डॉ. बलराम सिंग यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम तीस लाखांवर नेली. कार्यक्रमाने रेटा दिला. पण ज्याला रेटा द्यायचा, तो गाडा चळवळीने आधीच रस्त्यावर आणून ठेवला होता.

दौंडच्या वाचकांना या कायद्याचा एक तपशील मुद्दाम सांगितला पाहिजे. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन. मुंबई-सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा वाटा येथे मिळतात. डब्यातील शौचालयाखालचे भोक सरळ रुळांवर उघडत होते, त्या काळात स्थानकात थांबणाऱ्या गाड्यांची घाण रुळांवर पडायची आणि ती कोणीतरी साफ करायची. ते 'कोणीतरी' कोणत्या समाजाचे असत, हे सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने मैला साफ करणाऱ्याच्या व्याख्येत रेल्वे रुळांचाही समावेश केला. पण त्याच व्याख्येला एक स्पष्टीकरण जोडले. शासनाने ठरविलेली साधने व संरक्षक साहित्य वापरून मैला साफ करणारा माणूस या कायद्याखाली 'मैला साफ करणारा' ठरणार नाही! म्हणजे हातमोजे दिले की माणूस यादीतून बाहेर. पुढे डब्यांना जैविक शौचालये बसली आणि रुळांवरची घाण थांबली, हे खरे. परंतु सेप्टिक टँक आणि गटारे राहिलीच. मार्च २०२२ मध्ये पुण्याहून दौंडकडे येणाऱ्या वाटेवर, लोणी काळभोरजवळच्या कदमवाकवस्तीत सेप्टिक टँक साफ करताना चार जणांचा गुदमरून जीव गेला. कायदा होऊन तेव्हा आठ वर्षे उलटली होती.

आता शिरूरकडे वळू. कोरेगाव भीमा, सणसवाडी आणि वढू बुद्रुक ही तिन्ही गावे शिरूर तालुक्यातली. नदीपलीकडे पेरण्याचा विजयस्तंभ, जेथे १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आले होते. लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, मानवंदनेला निघालेल्या लोकांवर या परिसरात दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. त्याआधी दोन-तीन दिवस वढू येथे गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीच्या फलकावरून तणाव होता. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. तेव्हा वाहिन्यांच्या चर्चांत बसलेल्या पाहुण्यांना थांबलेली लोकल दिसली, बंदमुळे झालेला खोळंबा दिसला. १ तारखेला लेकराबाळांसह अंगावर दगड झेललेली माणसे त्या खिडक्याखिडक्यांच्या पडद्यावर किती वेळ दिसली? सहा वर्षांपूर्वी एका रविवारी ज्यांच्यासाठी देश रडला, त्यांनीच न्याय मागितला तेव्हा ते 'जनजीवन विस्कळीत करणारे' ठरले. रडणारा दलित चर्चेत चालतो, उभा राहिलेला दलित चालत नाही. शासनाने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याला एकामागून एक मुदतवाढी मिळत गेल्या आणि साक्षी वर्षानुवर्षे चालू राहिल्या. तेथे साक्ष देणाऱ्याला टाळ्या नव्हत्या, उलटतपासणी होती.

हाच स्टुडिओ आणि कोर्ट यांतला फरक आहे. स्टुडिओत साक्षीदाराला पाणी विचारतात, नट त्याचा हात हातात घेतो, प्रेक्षक डोळे पुसतात आणि साक्ष तासाभरात संपते. कोर्टात फिर्यादी बाई पहाटे उठून एस.टी.ने येते, एका दिवसाची मजुरी बुडवते आणि दुपारी तिला पुढची तारीख मिळते. जिच्या शेतात ती खुरपायला जाते, त्याच घरातला आरोपी समोर उभा असतो. तिचा सख्खा शेजारी, पंच म्हणून सही केलेला, 'मला काही आठवत नाही' म्हणतो. साक्षीदार फितूर होतो तो स्वभावाने भित्रा म्हणून नव्हे. ऊसतोडीची उचल, किराणा दुकानातील उधारी, विहिरीचे पाणी आणि बांधावरची वाट या सगळ्यांच्या चाव्या दुसऱ्याच्या कनवटीला असतात म्हणून. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये नितीन आगे या शाळकरी मुलाची हत्या झाली. शिरूरची नदी ओलांडली की तो जिल्हा लागतो. त्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. पुरावा टीव्हीवर नव्हे, पिंजऱ्यात टिकावा लागतो.

येथे आयर्लंडचे एक उदाहरण उपयोगी पडेल. त्या छोट्या देशात 'द लेट लेट शो' नावाचा गप्पांचा कार्यक्रम ६ जुलै १९६२ पासून चालू आहे. गे बर्न यांनी तो १९९९ पर्यंत चालविला. चर्चच्या धाकाखालच्या त्या समाजात संततिनियमनाच्या साधनांची विक्री आणि आयात १९३५ पासून कायद्याने बंद होती. मार्च १९७१ मध्ये त्या कार्यक्रमात स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायका बोलल्या. प्रेक्षकांतून उठून माणसे वाद घालीत होती, आणि घरी कार्यक्रम पाहणारे राजकीय नेते गॅरेट फिट्झगेराल्ड उत्तर देण्यासाठी तडक स्टुडिओत येऊन थडकले. कारण तो कार्यक्रम थेट होता, कापाकापीला वाव नव्हता. पण त्या बायका टाळ्यांवर समाधान मानून घरी बसल्या नाहीत. २२ मे १९७१ रोजी त्या आगगाडीने बेलफास्टला गेल्या, बंदी असलेली साधने उघडपणे डब्लिनला घेऊन आल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, करा अटक. १९७३ साली एका विवाहितेच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने आयातबंदी घटनाबाह्य ठरविली. १९७९ साली कायदा बदलू लागला. आधी चर्चा, मग रस्ता, मग कोर्ट, मग कायदा. यातली एकही पायरी त्यांनी गाळली नाही. महाडचा सत्याग्रह आणि पुढे चवदार तळ्याचा दहा वर्षे चाललेला दिवाणी दावा आठवला, तर हा क्रम आपल्याला परका वाटणार नाही.

मग आपण काय करायचे? कॅमेऱ्याची वाट पाहायची नाही, कॅमेरा मागायचा. अॅट्रॉसिटी अॅक्टमध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून कलम १५ अ लागू झाले. या कलमाच्या दहाव्या पोटकलमात म्हटले आहे की, या कायद्याखालील गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे चित्रीकरण झाले पाहिजे. आमिर खानचा कॅमेरा त्यांच्या मर्जीने आला आणि तेरा रविवारांनी गेला. हा कॅमेरा मात्र कायद्याने दिलेला आहे आणि तो दर तारखेला मागता येतो. २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी प्रकरणातील जामीन अर्जांच्या वेळी हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. तालुक्याच्या पातळीवर किती फिर्यादींना हे ठाऊक आहे? वकिलांपैकी तरी किती जण तसा अर्ज देतात?

तेच कलम आणखीही देते. आरोपीच्या जामिनाची सुनावणी असली तर पीडिताला वेळेवर सूचना मिळाली पाहिजे आणि तेथे त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. साक्षीदाराला संरक्षण मिळाले पाहिजे. प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च मिळाला पाहिजे, म्हणजे त्या बाईची बुडालेली मजुरी ही तिची एकटीची चिंता नाही, सरकारची जबाबदारी आहे. वकील, कार्यकर्ता किंवा संस्था यांची मदत घेण्याचा तिला हक्क आहे. नियमांप्रमाणे तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, आणि साठ दिवसांत तो पूर्ण करायचा आहे. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी, उपविभागीय पातळीवरही तशी समिती हवी. २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा कायदा बोथट झाला होता. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये आपली माणसे मेली, तेव्हा ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८ अ घालून त्याची धार परत आणली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. रक्त सांडून परत मिळविलेला कायदा पुस्तकात झाकून ठेवायचा काय?

म्हणून शिरूर-दौंडमधील बुद्धविहारांत, वस्त्यांवरच्या समाजमंदिरांत आम्ही एक साधी गोष्ट सुचवितो. प्रत्येक विहारात कलम १५ अ मराठीत मोठ्या अक्षरांत लावा. प्रत्येक अॅट्रॉसिटी प्रकरणात तारखेला किमान पाच माणसे फिर्यादीबरोबर जाऊ द्या. वक्त्याच्या मानधनातून वाचवून साक्षीदाराच्या भाड्याचा निधी उभा करा, आणि मग तो खर्च शासनाकडून कायद्याने वसूल करा. दक्षता समितीची बैठक शेवटची कधी झाली, याची माहिती अधिकारात विचारणा करा. जयंतीच्या मिरवणुकीत डी.जे.ला जेवढे पैसे जातात, त्याच्या चौथाईत एका तालुक्यातील सगळे साक्षीदार वर्षभर ताठ उभे राहतील.

एखाद्या रविवारी पुन्हा कोणी नट आपले दुःख घेऊन पडद्यावर आला, तर जरूर पाहा. त्याने बाबासाहेबांचे नाव घेतले की नाही, कारण सांगितले की नुसते अश्रू दाखविले, हेही तपासा. पण सोमवारी सकाळी कोर्टाच्या पायरीवर आपली एक बहीण तारखेसाठी उभी असेल. तिच्या शेजारी कोण उभे आहे, यावरूनच आपल्या चळवळीची परीक्षा होणार आहे.

जयभीम!